नमुना क्रमांक एकेचाळीस

तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात.
मला पगार त्याचाच मिळतो.

रायोंगच्या कारखान्यामागे, पत्र्याच्या शेडात
दोन जबडे आहेत, एक वर, एक खाली.
मध्ये मी पट्टी अडकवते,
डमरूसारखी, कमरेत बारीक,
बटण दाबते आणि हात मागे घेते.
पडद्यावरची रेघ चढते, चढते,
टक्.
आवाज एवढासाच. नखानं काडी मोडावी तसा.

उसाच्या साखरेतून निघालेलं ते पहिलं:
ताठ, मानी, वाकणार नाही, मोडेल.
दुसरं मऊ, भार आला की नुसतं लांबत जाणारं.
तिसरा टॅपिओकाचा स्टार्च, स्वस्त पडतो म्हणून घातलेला,
हवेतली ओल पिऊन रात्रीत फुगणारा.
त्याच्या पोत्यावर छापलंय: कालासिन.
माझं गाव.

प्रसोंगकाका तिघांना एकशे सत्तर अंशांवर
जुळ्या स्क्रूंमधून पिळून काढतात.
बाहेर येतं ते एकजीव दिसतं.
दिसतं.

रुंगनाफा मॅडमनी पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडली,
मोडलेली कड मायक्रोस्कोपखाली धरली, मला हाक मारली.
खड्डे. गोल, गुळगुळीत,
स्टार्चचे कण जिथून निसटून गेले होते
कुठंही न ओरबाडता.
भिंतीला एक खिळाही न ठोकता
भाडेकरूनं खोली सोडावी तसे.
"गुळगुळीत आहेत हेच वाईट," मॅडम म्हणाल्या,
आणि जेवायला गेल्या.

मी उभीच राहिले.
अकरा वर्षं झाली मला इथं येऊन.
घरची बोली फोनवर बोलते, तीही हळू,
शेजारची पोरं हसतात म्हणून.

मग आणलं ते तिसऱ्या कपाटातलं, पांढरे खडे,
वास असा की डोळे चुरचुरावेत.
त्याचं एक टोक स्टार्चला धरतं,
दुसरं टोक त्या मानी साखळीत गुंततं.
किती घालायचं यावर महिना गेला.
अर्धा टक्का: काहीच नाही.
पाच टक्के: साखळ्याच तुटल्या, पट्टी बिस्किटासारखी.

आईला फोनवर सांगितलं तर ती विड्याचं पान लावत होती.
म्हणाली, "चुन्यासारखं आहे मग.
नसला तर रंगत नाही, जास्त झाला तर तोंड पोळतं.
बोटाच्या शेंड्यावर मावेल तेवढा घे."
मी म्हटलं, आई, त्याला टक्केवारी असते.
"असेल," आई म्हणाली. "माझं बोट इथं आहे."

दोन टक्के.
एकेचाळिसावा नमुना.
रेघ चढली आणि नेहमीच्या जागी थांबली नाही.
पट्टीची कंबर आधी पांढरी पडली,
मग बारीक, अजून बारीक,
काका स्क्रू बंद करून बघायला आले,
जबड्यांमधलं अंतर वीतभर झालं तरी
ती आपली धरून होती.
तुटली तेव्हा टक् वाजलं नाही.
फाटल्याचा आवाज आला, कापडाचा.

तिची कड मी स्वतः बघितली.
खड्डे होतेच, पण केसाळ.
धागे लोंबत होते काठाकाठांना,
सुटताना प्रत्येक कण
थोडं इथलं घेऊन गेला होता,
थोडा इथं राहिला होता.
कितीतरी वेळ बघत बसले.
वहीत लिहिलं: चिकटपणा सुधारला.

चंथाबुरीच्या रोपवाटिकेतून ताविन यांचा फोन येतो.
त्यांच्या दुरियनच्या रोपांना पिशव्या हव्यात.
उचलताना फुटू नयेत,
आठ महिने पाणी, ऊन, मुळांचा रेटा सोसावा,
आणि नवव्या महिन्यात मातीत गेल्या
की त्यांनी नाहीसं व्हावं, वेळेवर.
"एवढंच," ते म्हणतात.

खिडकीत मातीच्या बारा बरण्या आहेत.
एकेचाळिसाव्याची बरणी आज उकरली, नव्वदावा दिवस.
मुंग्या निघाल्या, पांढरी मुळी निघाली कसली तरी,
आणि पट्टी. धुतली, पुसली.
वजन जवळपास तेवढंच.

मॅडमनी प्रश्नचिन्ह काढलं.
आम्ही तिला धरून ठेवायला शिकवलं होतं.
मी पट्टी परत पुरली,
वर मूठभर माती, दोन चमचे पाणी,
आणि बेचाळिसाव्यासाठी स्टार्च
ओव्हनमध्ये सुकत लावला.